पूर, पाणी आणि जात : चाळीसगावच्या नदीकाठावरून पर्यावरण न्यायाचा विचार

३० ऑगस्ट २०२१ च्या रात्री कन्नड घाट आणि पाटणादेवीच्या डोंगरपट्ट्यात ढगफुटीसारखा पाऊस झाला. ३१ तारखेला उजाडेपर्यंत तितूर आणि डोंगरी या चाळीसगावच्या दोन्ही नद्या एकदम फुगल्या होत्या. शहरातील बाजारपेठेत आणि नदीकाठच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरले. वाकडीसारख्या गावांत दावणीला बांधलेली गुरे जागच्या जागी बुडाली किंवा वाहून गेली. तालुक्यात शेकडो जनावरे मेली, माणसेही दगावली. घाटात दरडी कोसळून धुळे-सोलापूर महामार्ग बंद पडला.

या पुराने व्यापाऱ्यांची दुकानेही सोडली नाहीत, हे खरे आहे. पाणी दारावरची पाटी वाचून आत येत नाही. मात्र पूर ओसरल्यावर दोन प्रश्न उरतात. नदीच्या अगदी काठाला, सखल जागेत राहण्याची वेळ कोणावर आली आणि का आली? आणि पंचनामा करायला माणूस आला, तेव्हा दाखवायला उतारा कोणाकडे होता? या दोन प्रश्नांची उत्तरे शोधू लागलो की आपण पावसापासून सुरुवात करतो आणि जातीपाशी पोहोचतो.

आपल्या चळवळीत अनेकदा ऐकू येते की पर्यावरण हा पोट भरलेल्यांचा विषय आहे. आधी अत्याचार, आरक्षण, शिष्यवृत्ती, घरकुल. झाडे आणि नद्या नंतर. या म्हणण्यामागे अनुभव आहे. पर्यावरणावर बोलणाऱ्या पुष्कळ मंडळींनी जातीचा उल्लेखही केला नाही, उलट जुन्या गावगाड्याचे गोडवे गायले. ज्या गावगाड्यात आपल्या आजोबा-पणजोबांना विहिरीला शिवता येत नव्हते, तो गावगाडा 'निसर्गाशी सुसंगत' होता असे कोणी सांगू लागले, तर आपण त्याच्यापासून लांब राहणार हे उघड आहे. पण म्हणून विषयच सोडून देणे चुकीचे ठरेल. कारण या देशात पाण्याच्या न्यायाची पहिली मोठी लढाई आपणच लढलो आहोत.

नदीपलीकडचा महारवाडा

चाळीसगावचे नाव बाबासाहेबांच्या आयुष्यात एका अपघाताने कोरले गेले आहे. १९२९ साल. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे बाबासाहेब सदस्य होते. स्टार्ट समिती म्हणून ती ओळखली जाते. खानदेशचा दौरा आटोपून मुंबईला परतताना ते चाळीसगावला उतरले. धुळे मार्गावरील एका गावात सवर्णांनी अस्पृश्यांवर सामाजिक बहिष्कार घातला होता, त्याची चौकशी करायची होती. ते काम करून परत आल्यावर चाळीसगावच्या समाजबांधवांनी रात्रीचा मुक्काम आपल्याकडे करावा असा आग्रह धरला.

महारवाडा स्टेशनपासून सुमारे दोन मैलांवर, नदीच्या पलीकडे होता. स्टेशनबाहेर टांगे भरपूर होते. तरीही बाबासाहेबांना तासभर ताटकळत बसावे लागले. कारण त्यांना नंतर कळले. अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार नव्हता. शेवटी तडजोड अशी ठरली की टांगा भाड्याने मिळेल, पण हाकणारा तुमचा तुम्ही आणा. आपल्या पाहुण्याला पायी नेणे लोकांना कमीपणाचे वाटले, म्हणून टांगा हाकण्याची सवय नसलेला आपल्यातलाच एक माणूस पुढे बसला. नदीवरच्या छोट्या पुलाच्या फरशीत चाक अडकले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि घोडा-गाडी नदीत कोसळली. त्यांचा पाय मोडला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात त्यांनी हा प्रसंग सविस्तर लिहून ठेवला आहे.

हा प्रसंग आपण टांगेवाल्याच्या जातीय अहंकाराचे उदाहरण म्हणून सांगतो आणि ते बरोबरच आहे. त्यातली दुसरी एक गोष्ट मात्र आपल्या नजरेतून सुटते. महारवाडा नदीपलीकडे होता. महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांत आपली वस्ती अशीच ठेवलेली होती : गावकुसाबाहेर, ओढ्याच्या किंवा नदीच्या काठाला, सांडपाणी जिकडे वाहते त्या अंगाला, मेलेली गुरे ओढून नेण्याच्या वाटेवर. चांगली, उंच, पाण्याजवळची पण पुरापासून लांब असलेली जागा गावाने ठेवून घेतली. उरलेली जागा आपल्या वाट्याला आली. जातीने माणसांबरोबर जमिनीचीही वाटणी केली.

पुढे शहरे वाढली. गावातून उठून शहरात आलेल्या गरीब माणसाला परवडणारी जागाही पुन्हा नाल्याच्या, नदीच्या, रेल्वे रुळांच्या कडेलाच मिळाली. तिथे त्याच्या शेजारी कोण राहायला आले? भिल्ल कुटुंब आले, भटक्या-विमुक्तांची पाले आली आणि गरीब मुसलमान आले : हमाल, भंगारवाले, फळविक्रेते, गवंडी, कारागीर. म्हणून आज महाराष्ट्रातील कितीतरी शहरांत पुराचे पाणी विहारात आणि मशिदीत एकाच रात्री शिरते.

चवदार तळे आणि दौलताबादचा हौद

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी प्राशन केले. तळे नगरपालिकेचे होते, ते सर्वांना खुले करण्याचा ठरावही झालेला होता. पशुपक्ष्यांना, इतर धर्मीयांना तिथे मज्जाव नव्हता, मज्जाव होता तो फक्त आपल्याला. त्यानंतर दहा वर्षे खटला चालला आणि १९३७ मध्ये उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला. सार्वजनिक पाणी सर्वांचे आहे, हे तत्त्व आपण सत्याग्रह करून आणि कोर्टात लढून सिद्ध केले. आज जग ज्याला 'पर्यावरण न्याय' म्हणते, त्याचा गाभा हाच आहे. नैसर्गिक संपत्तीत सर्वांचा वाटा आणि तिच्या नाशाचा भार एकट्यादुकट्या समाजावर नाही.

महाडनंतर सात वर्षांनी, १९३४ मध्ये, बाबासाहेब सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळची बौद्ध लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. चाळीसगावहून कन्नड घाट चढून वेरूळ ओलांडले की आपणही तिथेच पोहोचतो. तेव्हा हा मुलूख निजामाचा होता. रमजानचा महिना चालू होता. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या काही मंडळींनी किल्ल्याबाहेरच्या भरलेल्या हौदाच्या पाण्याने हातपाय-तोंड धुतले. एवढ्यात एक वृद्ध मुसलमान ओरडत आला की यांनी हौद बाटवला. जमाव जमला, शिवीगाळ सुरू झाली. बाबासाहेबांनी त्यांना थेट विचारले की तुमचा धर्म हेच शिकवतो का? अस्पृश्य उद्या मुसलमान झाला तर त्याला या पाण्यापासून अडवाल का? या प्रश्नावर जमाव गप्प झाला. किल्ला पाहायला मिळाला, पण वाटेत कुठे पाण्याला हात लावू नये म्हणून बरोबर हत्यारी शिपाई देऊनच.

आजच्या काळात या प्रसंगाचा दोन्ही बाजूंनी गैरवापर होतो. एक गट तो मुसलमानांविरुद्ध द्वेष पसरवण्यासाठी वापरतो, तर दुसरा गट एकजुटीच्या नावाखाली तो लपवतो. बाबासाहेबांनी यातले काहीही केले नाही. त्यांनी इस्लामच्या अनुयायांना इस्लामच्याच तत्त्वाची आठवण करून दिली.

इस्लाम पाण्याबद्दल काय सांगतो?

त्यांचा प्रश्न किती अचूक होता, हे इस्लामी परंपरा पाहिली की कळते. हदीस वाङ्मयात एका वचनाचा आशय असा आहे की पाणी, कुरण आणि आग या तीन गोष्टींत लोकांचा सामाईक वाटा असतो. नमाजापूर्वी हातपाय धुताना, वाहत्या नदीच्या काठी बसला असलात तरी पाणी वाया घालवू नका, अशीही शिकवण हदीसमध्ये आढळते. अरबस्तानच्या वाळवंटात 'हिमा' नावाची जुनी पद्धत होती. ठरावीक कुरणे आणि झाडोरा राखून ठेवायचा, त्यावर कोणाही बलदंडाला एकट्याने ताबा सांगता येणार नाही, असा तिचा अर्थ इस्लामी काळात रूढ झाला. कुराणातील 'मीझान', म्हणजे तोल, ही कल्पना आज जगभरातील मुस्लिम पर्यावरण कार्यकर्ते केंद्रस्थानी ठेवतात. ऑगस्ट २०१५ मध्ये इस्तंबूल येथे हवामान बदलाविषयीचा इस्लामी जाहीरनामा प्रसिद्ध झाला. २०२४ मध्ये नैरोबी येथील संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेच्या निमित्ताने 'अल-मीझान' नावाचा विस्तृत करार-मसुदाही मांडला गेला.

मग दौलताबादच्या हौदावर काय झाले? तिथे धर्मग्रंथावर जातीने मात केली. भारतीय उपखंडात जात धर्मांतरानंतरही पाठ सोडत नाही. अश्रफ आणि अजलाफ-अरजल असे भेद मुस्लिम समाजातही रुजले. पसमांदा चळवळ याच भेदाविरुद्ध उभी राहिली. महाराष्ट्रात शब्बीर अन्सारी यांनी मुस्लिम ओबीसींची संघटना बांधून हा प्रश्न ऐरणीवर आणला. बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती केंद्र पातळीवर मिळायला १९९० साल उजाडावे लागले. दलित मुस्लिम आणि दलित ख्रिश्चन आजही १९५० च्या राष्ट्रपती आदेशाबाहेर आहेत. चौतीस वर्षे त्या दाराबाहेर उभे राहिल्यामुळे त्यांची मागणी आपण सहज समजू शकतो.

तेव्हा मुस्लिम शेजाऱ्याशी बोलताना दोन्ही गोष्टी एकाच वेळी लक्षात ठेवता येतात. जात कुठेही दिसली तरी तिला जात म्हणायचे आणि समतेच्या तत्त्वावर हात पुढे करायचा. चाळीसगावला हे अवघड जाऊ नये. इथल्या पीर मुसा कादरी बाबांच्या उरुसात सर्व समाजांचे लोक येतात. उरुसातली ही जवळीक पूर आल्यावर आणि पंचनाम्याच्या वेळीही दिसायला हवी.

रोहिणीचे पाणी

बौद्ध म्हणून आपण या प्रश्नाकडे कसे पाहायचे, याचे उत्तर बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात दिले आहे. सिद्धार्थाने घर का सोडले, या प्रश्नाचे रूढ उत्तर म्हणजे म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहिले म्हणून. बाबासाहेबांनी ते नाकारले. त्यांच्या मांडणीत परिव्रज्येचे कारण आहे पाणीवाटपाचा तंटा.

शाक्य आणि कोलिय यांच्या सीमेवरून रोहिणी नदी वाहत होती. दोन्हीकडची शेती तिच्यावर अवलंबून होती. आधी पाणी कोणी घ्यायचे, यावरून मारामारी झाली. शाक्य संघात सेनापतीने युद्धाचा ठराव आणला. सिद्धार्थाने विरोध केला आणि तोडगा सुचवला : दोन्ही बाजूंचे दोन-दोन प्रतिनिधी निवडावेत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि या पाच जणांनी तंटा मिटवावा. बहुमताने हा तोडगा फेटाळला. सिद्धार्थाने शस्त्र उचलायला नकार दिला, तेव्हा त्याच्यापुढे जे पर्याय होते त्यांत कुटुंबावर सामाजिक बहिष्कार आणि मालमत्ता जप्ती हाही एक होता. तो टाळण्यासाठी त्याने परिव्रज्या पत्करली.

ज्या बाबासाहेबांनी धुळे मार्गावरील गावात बहिष्काराची चौकशी केली, त्यांनी बुद्धाच्या चरित्रात बहिष्काराची धमकी आणि पाण्याचा तंटा यांना मध्यवर्ती स्थान दिले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. पाण्याचा झगडा युद्धाने मिटत नाही, समान प्रतिनिधित्व असलेल्या समितीने मिटतो, ही त्यातली शिकवण आजही नदीखोरे मंडळापासून गावच्या पाणीपुरवठा समितीपर्यंत लागू आहे. त्या समितीत आपला माणूस बसतो की नाही, हे आपण तपासतो का?

विनयातही पाण्याचे नियम आहेत. भिक्खूंच्या आठ आवश्यक वस्तूंमध्ये पाणी गाळण्याचे फडके येते. सजीव असलेले पाणी जाणूनबुजून ओतायचे नाही, पाण्यात घाण करायची नाही, झाडेझुडपे विनाकारण तोडायची नाहीत. आपल्या घराजवळचा पुरावा हवा असेल तर पाटणादेवीच्या वरच्या अंगाला, कन्नड तालुक्याच्या हद्दीत असलेली पितळखोरे लेणी पाहावीत. इसवी सन पूर्व दुसऱ्या शतकापासून ती कोरली जाऊ लागली. डोंगरात झिरपणारे पाणी विहारात साचू नये म्हणून ते बाहेर काढण्याची वाट कारागिरांनी खडकातच कोरली आणि तिच्या तोंडाशी फणा उभारलेला नाग घडवला. पाण्याला अडवून उपयोग नाही, त्याला वाट द्यावी लागते, हे दोन हजार वर्षांपूर्वी या डोंगरात काम करणाऱ्यांना माहीत होते. तिथल्या शिलालेखांत दान देणाऱ्यांमध्ये पैठणच्या सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचे नाव आहे आणि एका यक्षमूर्तीवर ती घडवणाऱ्या सोनाराचे नाव आहे. कष्टकऱ्याचे नाव दगडावर राहू देणारी ती संस्कृती होती.

जगात काय घडले?

आपला अनुभव एकट्याचा नाही. अमेरिकेत १९८२ मध्ये नॉर्थ कॅरोलिना राज्याच्या वॉरेन काउंटीत विषारी रसायन मिसळलेली माती पुरण्याचे सरकारने ठरवले. तिथे बहुसंख्येने गरीब कृष्णवर्णीय राहत होते. लोक रस्त्यावर आडवे झाले, पाचशेहून अधिक जणांना अटक झाली. कचराभूमी तरीही झाली, पण त्या आंदोलनातून 'पर्यावरणीय वर्णद्वेष' हा शब्दप्रयोग रूढ झाला. १९८७ च्या एका देशव्यापी अहवालाने दाखवले की घातक कचऱ्याच्या जागा कुठे होणार हे ठरवण्यात वंश हा सर्वांत मोठा घटक आहे. १९९१ मध्ये वॉशिंग्टन येथे कृष्णवर्णीय, आदिवासी, लॅटिनो आणि आशियाई कार्यकर्त्यांच्या परिषदेने पर्यावरण न्यायाची सतरा तत्त्वे स्वीकारली. वर्णाच्या जागी जात ठेवा, आपल्या शहरातील कचरा डेपो, कत्तलखाना, मैलापाण्याचा नाला कुठे आहे ते आठवा, म्हणजे वेगळे समजावण्याची गरज उरत नाही. मुकुल शर्मा यांनी 'कास्ट अँड नेचर' या २०१७ च्या इंग्रजी ग्रंथात भारतीय पर्यावरण चळवळीने जातीकडे कसे दुर्लक्ष केले, याची सविस्तर मांडणी केली आहे.

दुसरे उदाहरण आपल्या शेजारचे. २०२२ च्या पावसाळ्यात पाकिस्तानात आलेल्या पुराने सुमारे ३ कोटी ३० लाख लोकांना फटका बसला, १,७०० हून अधिक माणसे मेली. जगाच्या एकूण प्रदूषणात त्या देशाचा वाटा एक टक्क्याहून कमी धरला जातो. धूर सोडणारे एकीकडे आणि बुडणारे दुसरीकडे, असे हे गणित आहे. त्या वर्षी पाकिस्तान विकसनशील देशांच्या जी-७७ गटाचा अध्यक्ष होता. इजिप्तमधील शर्म अल-शेख येथे नोव्हेंबर २०२२ मध्ये झालेल्या हवामान परिषदेत या गटाने जोर लावला आणि नुकसान भरपाईसाठी स्वतंत्र निधी उभारण्याचा निर्णय झाला. छोट्या बेट-राष्ट्रांनी ही मागणी १९९१ पासून लावून धरली होती. बुडणाऱ्या देशांना तीस वर्षांनी निधी मिळाला, तोही एकत्र आल्यावर.

पण त्याच पाकिस्तानात सिंधमधील मेघवार, कोल्ही, भील या दलित-आदिवासी समाजांच्या शेतमजुरांना २०१० च्या पुरानंतर मदतछावण्यांत भेदभाव सोसावा लागल्याच्या तक्रारी झाल्या. आपल्याकडे २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर दलित कुटुंबांना छावणीत वेगळे ठेवल्याच्या, पाण्याच्या टाकीवर अडवल्याच्या तक्रारी आल्या होत्या. देश बदलला, धर्म बदलला, जातीची वागणूक तशीच राहिली. म्हणून जागतिक व्यासपीठावर गरीब देशांसाठी न्याय मागणाऱ्याने आपल्या गावातल्या छावणीतही तो द्यायला हवा.

बौद्ध देशांतही पर्यावरणाचा लढा गरिबांच्या बाजूने उभा राहिला आहे. उत्तर थायलंडमध्ये १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून भिक्खूंनी मोठ्या झाडांना चीवर बांधून त्यांना 'उपसंपदा' देण्याचा विधी सुरू केला. चीवर बांधलेल्या झाडावर कुऱ्हाड चालवायला लाकूडतोडे कचरतात. जंगल आणि भूमिहीन गावकरी या दोघांच्या बाजूने उभे राहिलेल्या भिक्खू प्रचाक यांना १९९१ मध्ये अटकही झाली. हा प्रतीत्यसमुत्पादाचा रोजच्या जगण्यातला अर्थ आहे. हे आहे म्हणून ते आहे. वरचे जंगल तुटले की खालची वस्ती बुडते.

आपण विकासाच्या विरोधात नाही

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. पर्यावरण न्याय म्हणजे धरण नको, वीज नको, कारखाना नको असे नव्हे. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रममंत्री असताना बाबासाहेबांकडे पाटबंधारे आणि वीज हे विषय होते. दामोदर खोऱ्याच्या योजनेची आखणी त्यांच्या पुढाकाराने झाली. आजच्या केंद्रीय जल आयोगाची पूर्वज असलेली संस्था १९४५ मध्ये याच काळात स्थापन झाली. पाणी जास्त आहे ही आपत्ती नसून, ते साठवून सिंचन, वीज आणि जलवाहतूक अशा अनेक कामांसाठी वापरावे, अशी त्यांची भूमिका होती. नदीचे तुकडे न करता संपूर्ण खोऱ्याचा एकत्र विचार करावा, हे त्यांनी तेव्हा मांडले. तितूर आणि डोंगरीचे डोंगरातील उगम, मधली अतिक्रमणे आणि गिरणेपर्यंतचा प्रवास यांचा एकत्र विचार झाला, तर चाळीसगावच्या पुराचे उत्तर सापडू शकेल. तो विचार करताना काठावरच्या माणसाला विचारले जावे, एवढीच आपली मागणी आहे.

आता काय करायचे?

विचार पुरेसा झाला. पुढच्या पावसाळ्याआधी वस्तीपातळीवर करता येतील अशी काही कामे आहेत.

पहिले, पूररेषा माहीत करून घ्या. महाराष्ट्रात जलसंपदा विभाग नदीकाठी दोन रेषा आखतो. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते. आपली वस्ती, आपले विहार, शेजारची मशीद, अंगणवाडी कोणत्या रेषेत येते, हे नकाशावर पाहा. नकाशा मिळत नसेल तर माहिती अधिकारात दहा रुपयांचे शुल्क भरून अर्ज करा. तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. हे करताना सावध राहा. निळ्या रेषेचे कारण दाखवून गरिबांची घरे पाडायची आणि तिथेच भराव टाकून बड्यांचे संकुल उभे करायचे, असे घडू शकते. म्हणून मागणी हटवण्याची नको, उंच जागेवर मालकी हक्कासह पुनर्वसनाची हवी.

दुसरे, कागद आधी तयार ठेवा. पंचनाम्याच्या वेळी भाडेकरू, गायरानावर राहणारे, शेतमजूर आणि दुसऱ्याच्या गोठ्यात जनावर बांधणारे लोक यादीतून गळतात. उन्हाळ्यातच वस्तीची घरनिहाय यादी करा : कुटुंबातील माणसे, जनावरे, घराचा प्रकार, वीजबिल किंवा घरपट्टी पावती, घराचा फोटो. विधवा, अपंग आणि एकट्या वृद्धांची नोंद वेगळी ठेवा. यादीची एक प्रत तहसील कार्यालयात पोच घेऊन द्या.

तिसरे, कायद्याचे कलम पाठ ठेवा. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ च्या कलम ६१ नुसार भरपाई आणि मदत देताना लिंग, जात, समुदाय, वंश किंवा धर्म यांवरून भेदभाव करता येत नाही. सार्वजनिक पाणवठा, नदी, विहीर वापरण्यापासून अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला अडवणे हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. छावणीतल्या टँकरच्या रांगेतही हे लक्षात असू द्या.

चौथे, यादी एकट्याची करू नका. भीमनगरची यादी वेगळी, मुस्लिम मोहल्ल्याची वेगळी, भिल्ल वस्तीची वेगळी असे झाले की कार्यालयात प्रत्येकाला वेगवेगळे कारण सांगून परत पाठवता येते. रोहिणीच्या तंट्यात सिद्धार्थाने सुचवलेली पद्धत इथे वापरा. प्रत्येक वस्तीचे दोन प्रतिनिधी, त्यात एक स्त्री, आणि सर्वांनी मिळून निवडलेला एक निमंत्रक. पूर आल्यावर विहार आणि मशीद यांपैकी जी इमारत उंचावर असेल ती सर्वांसाठी खुली राहील, असे आधीच ठरवून घ्या.

पाचवे, डोंगराकडे लक्ष द्या. गौताळा-औट्रमघाट अभयारण्य १९८६ पासून संरक्षित आहे. तिथले जंगल टिकले तर माती आणि पाणी तिथे थांबते. पितळखोऱ्याची सहल काढताना प्लास्टिक मागे ठेवू नका आणि तरुणांना ती लेणी दाखवताना पाण्याची ती कोरलेली वाटही दाखवा.

१९२९ मध्ये चाळीसगावच्या समाजबांधवांकडे टांगा हाकणारा अनुभवी माणूस नव्हता, कारण तो त्यांचा धंदा नव्हता. तरीही त्यांनी आपल्या पाहुण्याला सन्मानाने न्यायचे ठरवले आणि लगाम स्वतः हाती घेतला. अपघात झाला. पर्यावरणाच्या चळवळीतही आज आपल्याला फारसा सराव नाही. नकाशे वाचताना, अर्ज लिहिताना, शेजारच्या मोहल्ल्यात पहिली बैठक घेताना चुका होतील. तरी लगाम आपल्याच हाती घ्यावा लागेल. पावसाळ्याला अवकाश आहे; पहिली यादी या रविवारी वंदनेनंतर विहारातच सुरू करता येईल.

जय भीम. नमो बुद्धाय.